मुशीच्या तेलाचा कॅमेरा

प्रिय आत्या,

तू असताना तुला एकही पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुझ्या हाकेच्या बाहेर राहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. आता तू गेलीस. तिथं वाचता येतं की नाही मला ठाऊक नाही, पण येत असेल असं धरून लिहितो.

माझ्यासमोर आपला कॅमेरा आहे. शेजारी गरम पाण्याचं भांडं आहे, दाढीचं पातं आहे, आणि हात काही पुढं जात नाही. सुमन बेलापूरच्या बाजारात गेली आहे. तीच सुमन, जी तू कोपरखैरण्याहून स्वतः पसंत करून आणून माझ्या गळ्यात बांधलीस. ती परत यायच्या आत मला तुझ्याशी बोलून घ्यायचं आहे, कारण ती आली की निकाल लागलाच म्हणून समज.

कॅमेरा विकू का, आत्या?

लगेच रागावू नकोस. आधी ऐक. ठाण्याच्या रस्त्यावर कारखाने उभे राहतायत ते तू पाहिलेच होतेस. जाता-येता चिमण्यांना शिव्या घालायचीस. आता त्यातल्या एका कारखान्याला आपल्या सगळ्या कामगारांचे कार्डावर लावायचे फोटो हवेत. शेकड्यांनी माणसं. आपल्या गावची पोरंही आहेत त्यात. साहेबानं मला बोलावलं, कॅमेरा बघितला आणि हसला. म्हणाला, काचेवर एकेक फोटो काढत बसलास तर पहिला कामगार म्हातारा होईल तेव्हा शेवटच्याचा नंबर लागेल. हसला, पण खोटं बोलला नाही. एक काच घाला, काळ्या कापडात डोकं घाला, काच काढा, दुसरी घाला. ठाण्याचा एकजण दोन भिंगांचा नवा कॅमेरा घेऊन टपून बसला आहे. एका रोलमध्ये बारा फोटो. मी महिन्याभरात तसा कॅमेरा दाखवला नाही तर काम त्याचं. आणि आत्या, लग्नं काही बारा महिने नसतात हे तुलाही माहीत आहे. तू गेल्यावरच्या पावसाळ्यात आम्ही कसे दिवस काढले ते सुमन तुला कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगतो: वाण्याच्या उधारीवर.

मुंबईच्या दुकानात तसला कॅमेरा आहे. जुना दिला तर नवा परवडतो. जुना नाही दिला तर नाही परवडत. इतका साधा हिशेब आहे.

मागच्या आठवड्यात दाखवायला घेऊन गेलो. दुकानाच्या शेठनं भिंग पाहिलं, मान डोलावली. मधला चामड्याचा घडीचा भाता उघडला, मान डोलावली. मग नाक वर केलं. "वास कसला मारतो हा? अंदर मच्छी ठेवली काय?"

काय सांगू? माझ्या आत्यानं कॅमेऱ्याला होडीसारखं तेल पाजलं म्हणून?

शेठ म्हणाला, "वरचा चमडा काढून आण. लाकडाला पॉलिश मारून आण. मग घेतो. ह्या वासात माझ्याकडं गिऱ्हाईक उभं राहणार नाही."

म्हणून हे पातं आणि हे गरम पाणी.

तुला आठवतं का तो दिवस? मला तर असा आठवतो की आत्ता समोर घडतोय. पावसाळा तोंडावर आला होता, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायचं काम चाललं होतं. मी पनवेलहून आलो. अंगणात पाहतो तर तुझी मासळीची पाटी पालथी घातलेली, त्यावर माझा कॅमेरा, भाता पुरता ताणून उन्हात घातलेला, आणि सगळा असा चकाकतोय की आत्ताच न्हाऊन आलाय. शेजारी मुशी माशाच्या काळजाच्या तेलाचा डबा, होड्यांना लावतात तो. आणि तू चिंधी हातात घेऊन, काम फत्ते केल्याच्या थाटात बसलेली.

मी ओरडलो. तू शांतपणे म्हणालीस, "खारीच्या वाऱ्यान लोखंड ऱ्हात नाय, त यो चामरा काय ऱ्हानार? होरीला लावतो ताच याला लावला."

मी म्हणालो, भिंगालाही लावलंस की काय? तू माझ्याकडं असं पाहिलंस की जणू मीच खुळा.

"डोल्यान कुनी तेल घालतो का? तवरा कलते मना."

त्यानंतर किती साबण, किती सोडा, किती ऊन दिलं मी! वास जाईल तर शपथ. गावात कुणी नाक मुरडलं नाही, कारण गावात हा वास सगळ्यालाच आहे. लग्नात एकदा मांजर येऊन भाता चाटायला लागलं तेवढंच. पण पनवेलला वकिलांच्या घरी मुंज होती. सोवळ्यातली माणसं, केळीचे खांब, आणि मध्ये मी काळ्या कापडात डोकं घालून उभा. कापडाच्या आत मला ऐकू येत होतं. एक बाई म्हणते शेजारचं स्वयंपाकघर, दुसरी म्हणते गटार. शेवटी वकीलबाईंनी माझ्याभोवती धूप फिरवला. बटूच्या आधी फोटोवाल्याची आरती! त्या घरानं मला पुन्हा बोलावलं नाही. मी तुला कारण सांगितलं तर तू उलट त्यांचीच कीव केलीस, की बिचाऱ्यांना चांगलं तेल कधी मिळालं नसेल.

तुझ्यावर चिडायचं तरी कसं? तू तर जपलं होतंस त्याला. आपल्या घरात जपायची एकच रीत होती, तेल लावायचं. होडीला, वल्ह्याला, माझ्या टाळूला, आतोबांच्या गुडघ्यांना.

आणि कॅमेरा आणलास तो तरी कुणी? तूच. आई गेली तेव्हापासून मी तुझ्या ओट्यावर वाढलो. कोळ्याचा पोर आणि खाडीतल्या खाडीत होडी हलली तरी ओकायचा. आतोबा कपाळाला हात लावायचे. गाव हसायचं. तू हसली नाहीस. मुंबईला फोर्टात एका साहेबाच्या स्वयंपाकघराच्या दारात तू मासळी द्यायचीस. साहेब विलायतेला परत निघाला, घरातलं सामान विकायला काढलं, त्यात तू ही पेटी पाहिलीस. जाईपर्यंतची सगळी पापलेटं तुमच्याच दारात, बदल्यात ही पेटी द्या, असा सौदा मडमेशी तू केलास. ना तिला मराठी, ना तुला इंग्रजी. कसा केलास देव जाणे. पेटी माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, "यो धंदा तुझ्याजोगता. उभ्यान करायचा. ना वारा ना लाट." पनवेलच्या फोटोवाल्याकडं शिकायला मला तूच नेऊन बसवलंस. माझ्या ताटात आज जो भात आहे तो त्या पेटीतून आलेला आहे.

मग सांग, ही कशी विकू?

खरी गोष्ट वेगळीच आहे, आत्या. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

शिमग्याआधी तू तापानं गेलीस. दिवस झाले, घर सारवलं, तुझी लुगडी बायकांना वाटली, पाटी आणि कोयता शेजारच्या बायांनी नेला. तुझ्या पाटीवर अजून धंदा होतो, चांगलंच आहे. उशी उन्हात टाकली, मग धुतली. आणि एक दिवस मला कळलं की घरात तुझा वास राहिला नाही. घर सुमनच्या सारवणाचं आहे, सुमनच्या फोडणीचं आहे. पण काळ्या कापडात डोकं घातलं, की तू आहेस. मुशीचं तेल, मीठ, ओला काथ्या, तुझे हात. लोकांना वाटतं फोटोवाला बराच वेळ नेम धरतो. नेम कसला धरतो मी? तेवढा वेळ तुझ्याजवळ बसतो.

आणि शेठ म्हणतो चमडा काढून आण.

मला तू हवी आहेस, आत्या. नवा कॅमेराही हवा आहे. दोन्ही मिळत नाही म्हणून इथं पातं घेऊन बसलो आहे.

आतोबा गेल्यावर तू होडी विकलीस ते आठवतं. उलव्याचे लोक न्यायला आले होते. तू अशी घासाघीस केलीस की तेच दमले. गावात बायका कुजबुजल्या, नवऱ्याची होडी आहे, वर्ष तरी थांबायचं. मीही मनात तेच म्हटलं होतं. तू चुलीपाशी बसून मला ऐकवलंस, "होरी पान्यान पायजे. दारान ठेवली त फल्या उकलतात. मंग ती चुलीन घालाच्याच कामाची. लोकांना बोलू दे. लोका काय आपल्याला भात शिजवून देनार हायत?"

इतकं म्हणालीस आणि कालवण वाढलंस. होडी निघाली तेव्हा तू खाडीकडं पाठ करून मासे निवडत होतीस. वळून पाहिलं नाहीस. तेव्हा मला वाटलं, किती कडक बाई. तुझं काय होत होतं ते मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? नसतंसच. शिव्या घातल्या असत्यास.

सुमन आली. पुढचं नंतर लिहितो.

*

आत्या, पाच-सहा दिवस गेले मध्ये. आता सगळं झालं आहे, म्हणून पुरतं सांगतो.

सुमननं भांडं पाहिलं, पातं पाहिलं, माझं तोंड पाहिलं. मी तिला वासाचं सांगितलं. पहिल्यांदाच. मला वाटलं हसेल. हसली नाही. भाजी निवडायला बसली, आणि खाली मान घालून म्हणाली, "आत्यानी तुमाना कॅमेरा दिला तो पोट भराला. वास घ्याला नाय दिला."

बघ तुझी निवड. तूच बोललीस असं वाटलं मला. राग आला, आणि रागाच्या भरात मी एका बाजूचा चमडा पात्यानं उचलला.

आत लाकूड काळं झालं होतं. तेल चामड्यातून पार लाकडात उतरलं होतं, आणि असा वास आला की सुमननं पदर नाकाला लावला. कोळ्याची मुलगी, तिनं. कितीही पॉलिश मारलं तरी तो जायचा नाही हे मला कळलं, आणि मी हसत सुटलो. सुमनला काही कळेना. मग तीही हसली. मी चमडा परत चिकटवून टाकला. म्हटलं, जायचं तर असाच जाईल.

गेलो मुंबईला. शेठच्या काउंटरवर ठेवला. शेठ म्हणाला, सांगितलं होतं ना तुला?

आता तुला माहीत आहे मी दुकानात कसा असतो. सांगतील तो भाव देणारा माणूस. तू बाजारात घासाघीस करायचीस तेव्हा मी लाजून चार हात लांब उभा राहायचो. आणि मुंबईत बोलताना मी नेहमी पुस्तकातलं बोलतो, आपलं गावचं तोंडातून निघू देत नाही. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी भाता उघडला, शेठच्या डोक्यावरच्या दिव्यासमोर धरला, आणि तोंडातून निघालं ते असं: "शेठ, बगा. एक भोक दाखवा. किनाऱ्यावरचा कॅमेरा हाय, तेलान जपलेला. एक भोक दाखवा न फुकट घेऊन जा."

शेठनं आत डोकं घातलं, नाक धरून. बराच वेळ शोधलं. "भोक नाही," म्हणाला, "पण वासाचं काय?"

"वास हाय. वासाचा पैसा मागत नाय तुमच्याकडून."

त्यानं एक आकडा सांगितला. मी कॅमेरा कापडात गुंडाळला आणि निघालो. खरंच निघालो. नाटक नव्हतं. पायरी उतरताना एकदम हलकं वाटलं, की बरं झालं, आता हा आपल्याकडंच राहणार, मी प्रयत्न केला होता असं सुमनला सांगता येईल. आणि मागून शेठनं हाक मारली.

कुठल्याच हाकेचा मला इतका राग कधी आला नव्हता. तुझ्या हयातीत गिऱ्हाईक परत फिरलं की तुझा चेहरा खुलायचा. माझा पडला. पण परत गेलो. भाव मला हवा तसा ठरला. नव्या कॅमेऱ्याबरोबर त्यानं एक रोलही दिला, कटकट संपावी म्हणून.

आपला कॅमेरा त्यानं आतल्या कपाटात ठेवला नाही. बाकीच्यांना वास लागेल म्हणून दाराजवळ, वाऱ्याला ठेवला. मी रस्ता ओलांडला आणि वळून पाहिलं. तुझ्यासारखं मला जमलं नाही. पाहत उभा राहिलो आणि रडलो, रस्त्यात, नवा कॅमेरा पोटाशी धरून. एका टांगेवाल्यानं विचारलं, पाकीट मारलं काय? मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

तुझा भाचा इतकाच आहे, आत्या. समजून घे.

आता खरं सांगायचं ते.

शेठनं दिलेला रोल मी गावातच वापरला. हात बसायला हवा होता. ओट्यावर सुमनला बसवलं, शेजारच्यांना बसवलं, जाळं शिवणाऱ्या म्हाताऱ्यांना बसवलं. नवा कॅमेरा पोटाशी धरायचा, वरून काचेत पाहायचं. काळं कापड नाही. वास नाही. डोकं घालायला जागाच नाही. उघड्यावर उभं राहून फोटो काढायचा. मला नागडं वाटत होतं.

रोल धुतला, फोटो छापून दोरीला लावले. आणि पाहतो तर एकही माणूस माझ्याकडं बघत नाही. सगळे डावीकडं बघतायत. सुमनसुद्धा. पाठीचा कणा ताठ, श्वास रोखलेला, हात गुडघ्यावर, आणि नजर माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडं.

मला वाटलं कॅमेरा वाकडा धरला. मग जुन्या फोटोंची पेटी काढली. गावातली लग्नं, बारशी, नव्या होडीची पूजा. सगळे डावीकडं बघतायत, आत्या. नवरा-नवरी डावीकडं. करवल्या डावीकडं. मुंजीचे, पनवेलचे, तेवढे सरळ.

कारण तिथं तू उभी असायचीस. गावातल्या प्रत्येक फोटोच्या वेळी माझ्या डाव्या हाताला, कमरेवर हात ठेवून. "हालू नको. दात झाक. पोट आत घे. मेल्या, लगीन हाय का मयत, हास जरा." माझं मुंडकं तर कापडाच्या आत. मला फक्त तुझा आवाज यायचा. त्यांना तू दिसायचीस. कॅमेऱ्याला कोण विचारतो, गाव तुला घाबरून स्थिर बसायचं. इतकी वर्षं मी ते फोटो धुतले, सुकवले, विकले, आणि एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

मी सुमनला फोटो दाखवला. म्हटलं, तू कुणाकडं बघत होतीस? ती म्हणाली, "कुनाकरं म्हंजे? फोटोला बसल्यावर जिकरं बगायचा तिकरं." तिला वेगळं काही वाटलंच नाही.

तुझा एकही फोटो आपल्याकडं नाही हे मला सारखं टोचायचं. तू बसायला तयार नसायचीस, काम पडलंय म्हणायचीस. आता मला गावातल्या घराघरांत भिंतीवर तू दिसतेस. तू नाहीस, पण तुला बघणारे आहेत. वासापेक्षा ते मला जास्त आवडलं. खोटं नाही सांगत.

कारखान्याचं काम मला मिळालं. सोमवारपासून जातो. साहेबाला कार्डावर सरळ बघणारे चेहरे लागतात, तर तिथं मी सांगेन, इकडं बघा. पोटाचा प्रश्न आहे, तू समजून घेशील. पण आत्या, तुला शब्द देतो. गावात लग्न असो, बारसं असो, नाहीतर उगाच कुणी हौसेनं ओट्यावर बसलेलं असो, मी कुणाला "माझ्याकडं बघा" म्हणणार नाही. त्यांना जिकडं बघायचं तिकडं बघू दे. मी जरा उजवीकडं सरकून उभा राहीन.

तुझाच,
जनू
दिवाळे